लॅपटॉपचं वायफाय दर काही मिनिटांनी तुटतंय, त्याच टेबलावर फोनचं मात्र नीट चालतं

सांजवात

नमस्कार मंडळी. गेले साधारण तीन आठवडे लॅपटॉपच्या वायफायने जीव मेटाकुटीला आणलाय. मला सुचले ते सगळे उपाय करून झाले, म्हणून इथे विचारतेय.

मी ऑनलाइन गणित शिकवते. रोज दोन तास वर्ग असतो. एखादी सिद्धता अर्ध्यात आलेली असते आणि मुलं लिहितात, "ताई, आवाज गेला." मी पुन्हा जोडून घेते, पाच-सात मिनिटं बरी जातात, की परत तेच. परवा एक मुलगी उत्तर सांगत होती. तिने पहिल्यांदाच आपणहून हात वर केला होता. तिच्या वाक्याच्या मध्येच सगळं गोठलं. मी परत येईपर्यंत तिने माइक बंद केला होता. तेव्हापासून ही गोष्ट मनातून जात नाहीये.

लॅपटॉप चार वर्षांचा आहे, विंडोज ११. राउटर बैठकीच्या खोलीत, मी शेजारच्या खोलीत, मध्ये एक भिंत. फोन त्याच टेबलावर ठेवला तर व्हिडिओ विनाअडथळा चालतो.

करून झालेलं असं: राउटर बंद-चालू केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड नव्याने टाकला, ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) अपडेट केला, मग जुना ड्रायव्हर परत टाकून पाहिला. फरक शून्य. आणखी काय बघू?

घाईत

सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क रीसेट मारा. माझं त्यानेच सुटलं होतं.

जुना खिळा

सांजवात, रीसेट एवढ्यात करू नका. त्याने सगळी साठवलेली नेटवर्कं आणि पासवर्ड जातात, व्हीपीएन असेल तर तेही नव्याने बसवावं लागतं. आणि समजा त्यानंतर चाललंच, तर नेमकं कशामुळे चाललं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तो उपाय शेवटासाठी राखून ठेवू.

आधी तुटतं म्हणजे नक्की काय तुटतं ते शोधू. वायफायला जोडलेलं असूनही नेट नसणं आणि वायफायच सुटणं हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधंही वेगळी.

कमांड प्रॉम्प्टच्या, म्हणजे विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायच्या, तीन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे 'आहेस का?' असं विचारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिलीत की 'डिफॉल्ट गेटवे' समोर त्याचा पत्ता दिसेल, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. दुसरीत ८.८.८.८ ला (हा इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरचा पत्ता), तिसरीत कुठल्याही संकेतस्थळाच्या नावाला. पिंगच्या शेवटी वजा चिन्ह आणि टी लिहिलंत की थांबवेपर्यंत ते चालू राहतं. वर्ग चालू असताना तिन्ही चालू राहू द्या आणि खंड पडला की बघा कोणती खिडकी अडली.

फक्त तिसरी अडली तर डीएनएसचा प्रश्न, म्हणजे नावावरून पत्ता मिळत नाहीये. दुसरी आणि तिसरी अडली पण राउटर उत्तर देतोय, तर लॅपटॉप निर्दोष आहे, खोट राउटरच्या पलीकडे. पहिलीच अडली तर खोट लॅपटॉप आणि राउटर यांच्या मधल्या हवेत किंवा या दोघांपैकी एकात.

आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर तेही कळवा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज स्वतःच असा पत्ता घेऊन बसतं. वायफायची खूण जोडलेली दिसते आणि एकही पान उघडत नाही.

निळाई

जुना खिळा यांनी सांगितलंय ते कराच. सोबत एक बघा. लॅपटॉपला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा हब लावलेला असतो का? त्या जोडणीतून निघणारा गोंगाट थेट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सांडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक सविस्तर टिपण काढलं होतं. बिनतारी माउस अडखळण्यापासून वायफाय मंदावण्यापर्यंत सगळे प्रकार यातून होतात. मी स्वतः दोन महिने राउटरवर राग काढत होते. शेवटी एका दुपारी हार्ड डिस्क काढली आणि पिंग एकदम सरळ झालं. तीच डिस्क पुन्हा लावली, पुन्हा बिघडलं. वेष्टन चांगलं असलेली केबल घेतली आणि डिस्क हातभर लांब ठेवली, तेवढ्यावर भागलं.

ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतो, वायफायच्या ऐन वाटेत. तुमच्या खंडाची वेळ आणि तो चालू असण्याची वेळ जुळते का बघा.

आणि ५ गिगाहर्ट्‌झचं (हा वायफायचा दुसरा पट्टा) नाव दिसत असेल तर त्यावर जोडून पाहिलंत का?

सांजवात

दोघांचे मनापासून आभार. कालच्या वर्गात तिन्ही खिडक्या चालू ठेवल्या होत्या.

पहिलीच अडते! राउटरला पिंग कधी ३ मिलिसेकंद, कधी ४०, मग अचानक ९००, आणि मग ओळीने सात-आठ वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. बाकीच्या दोन खिडक्या तिच्याच पाठोपाठ अडतात. १६९ वाला पत्ता एकदाही दिसला नाही.

लॅपटॉपला काहीही लावलेलं नाही. माउस तारेचा आहे. मायक्रोवेव्ह बंद होता.

५ गिगाहर्ट्‌झचं विचारलंत म्हणून यादी नीट पाहिली. राउटर दोन नावं देतो, त्यातलं ५ चं नाव माझ्या लॅपटॉपवर टेबलापाशी दिसतच नाही. फोनवर दिसतं. पूर्वी लॅपटॉपवरही दिसायचं, मी त्यावरच असायचे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आणखी एक केलं. फोनचं हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला. पाऊण तास एकदाही तुटलं नाही! मग लॅपटॉप चांगला आणि राउटरच खराब, असंच ना? नवा राउटर मागवू का?

घाईत

हो मग, राउटरच. हॉटस्पॉटवर चालतंय म्हणजे लॅपटॉप ठीक.

जुना खिळा

थांबा, फोन त्याच राउटरवर त्याच टेबलावरून नीट चालतोय हे विसरू नका. राउटर खराब असता तर फोनलाही झळ बसली असती. ही दोन निरीक्षणं एकमेकांशी भांडतायत, म्हणजे यातल्या एका चाचणीचा अर्थ आपण चुकीचा लावतोय.

तोवर दोन गोष्टी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' असा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून घ्या. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅब नसतो, नसेल तर शोधत बसू नका. दुसरं, कमांड प्रॉम्प्ट 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा आणि नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट ही आज्ञा द्या. इंग्रजी अक्षरांत, नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो आणि डब्ल्यूलॅनरिपोर्ट यांच्या मध्ये जागा सोडून. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी सुटलं आणि का सुटलं याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. तुम्हाला 'का' हवंय, ते तिथे सापडतं.

एका वेळी एकच बदल करा आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवा. ड्रायव्हर, सेटिंग, राउटर असं सगळं एका संध्याकाळी हलवलं तर धागा हातातून सुटतो.

किनारा

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे लिनक्स आहे, लक्षण थोडं वेगळं. वायफाय सुटत नाही, पण काही मिनिटं काही केलं नाही की पहिलं पान उघडायला चार-पाच सेकंद लागतात. नंतर वेग चांगला.

जुना खिळा

किनारा, हे वीजबचतीचं लक्षण वाटतं. कार्ड डुलकी घेतं. नेटवर्कमॅनेजर (लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'कनेक्शन' विभागात वायफाय.पॉवरसेव्हची किंमत २ करा. ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद. मग सेवा पुन्हा सुरू करा. कधी वायफाय मुळीच दिसेनासं झालं तर आधी आरएफकिल लिस्ट ही आज्ञा देऊन वायफाय कुठे अडवलंय का ते बघायचं. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' असेल तर आज्ञेने सुटतं, 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर बहुधा कळफलकावरचं विमानाच्या चित्राचं बटण नाहीतर बाजूचा खटका कारणीभूत असतो.

किनारा

किंमत ३ होती. २ केली आणि थांबणं गेलं. धन्यवाद!

पाऊलखुणा

सांजवातताई, राउटर मागवू नका. हॉटस्पॉटच्या चाचणीबद्दल एक विचारायचंय. हॉटस्पॉट चालू असताना फोन कुठे होता?

मला वाटतं, लॅपटॉपच्या शेजारी, हाताच्या अंतरावर. तसं असेल तर त्या चाचणीने राउटरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. वितीवरचा आवाज बहिऱ्या कानालाही ऐकू जातो. तुमची तुलना 'राउटर की फोन' अशी वाटते, पण प्रत्यक्षात ती 'भिंतीपलीकडून की टेबलावरून' अशी झाली आहे. जुना खिळा म्हणतात ती दोन निरीक्षणं मग भांडत नाहीत. लॅपटॉपला ऐकू कमी येतंय, एवढंच दोन्हींतून निघतं. ५ गिगाहर्ट्‌झचं नाव गायब होणंही त्यात बसतं, कारण भिंत ओलांडताना ५ चा जोर २.४ पेक्षा आधी ओसरतो.

हे आकड्यांनी पडताळता येईल. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही आज्ञा द्या. 'सिग्नल' समोर टक्के दिसतील. विंडोजमध्ये हे टक्के सरळ हिशेबाचे आहेत: ० टक्के म्हणजे उणे १०० डीबीएम, १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. टक्क्यांचे निम्मे करा, त्यातून १०० वजा करा, झालं. मग फोनवर सिग्नल मोजणारं एखादं ॲप घेऊन त्याच जागी, त्याच २.४ च्या नावावर फोनचा आकडा बघा. नंतर दोन्ही उपकरणं राउटरपासून एका पावलावर नेऊन तेच करा. चार आकडे लिहून इथे टाका.

आणि एक प्रश्न, तितकाच महत्त्वाचा. हे सुरू होण्याच्या सुमारास लॅपटॉप कुणी उघडला होता का? पंखा साफ करायला, रॅम वाढवायला, काहीही.

ओंजळ

माझा वेगळा त्रास, पण विषय तोच म्हणून इथेच विचारते. आमच्याकडे ५ गिगाहर्ट्‌झचं नाव दिवसातून एक-दोनदा सगळ्याच उपकरणांवरून एकदम नाहीसं होतं आणि मिनिटभराने परत येतं. २.४ चं नाव कधीच जात नाही. घराजवळ विमानतळ आहे, त्याचा काही संबंध असेल?

निळाई

ओंजळ, असू शकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ५ चं चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्यातली क्रमांकाची वाट, कोणतं आहे ते बघा. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारचा पहिला हक्क आहे. हवामानाची, विमानांची रडारं तिथे चालतात. राउटरला रडारची चाहूल लागली, अगदी खोटी लागली तरी, त्याला १० सेकंदांत ते चॅनेल सोडावं लागतं. नवं चॅनेलही त्याच पट्ट्यातलं निघालं तर बोलण्याआधी त्याला किमान ६० सेकंद कान देऊन ऐकावं लागतं. तेच तुमचं मिनिट! चॅनेल 'ऑटो'वरून काढून ३६, ४०, ४४ किंवा ४८ यांपैकी एकावर पक्कं करा. तिथे ही अट नसते. रुंदी मात्र ८० मेगाहर्ट्‌झच ठेवा. १६० ठेवलीत तर पट्टा पसरून पुन्हा रडारच्या हद्दीत जातो.

आणि २.४ वाल्यांनी १, ६ किंवा ११ एवढंच निवडावं. बरेच जण शेजाऱ्याचं ६ आहे म्हणून आपलं ४ ठेवतात. २० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या लहरी ४ वर ठेवल्या तर त्या १ आणि ६ दोन्हींवर चढतात आणि तिघांचंही बिघडतं. एकाच चॅनेलवर दोन राउटर असले तर ते एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेले असले की एकमेकांना नुसता गोंगाट. हे इतक्या घरांत चुकलेलं पाहिलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सांजवात

पाऊलखुणा, तुमचा प्रश्न वाचला आणि अंगावर काटा आला. हो, उघडला होता! बॅटरी फुगली होती, टचपॅड वर उचलला गेला होता. ती बदलून घेतली, बरोबर तीन आठवड्यांपूर्वी. बॅटरीचा आणि वायफायचा संबंध असेल असं डोक्यातही आलं नाही, म्हणून पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही. आणि फोन खरंच लॅपटॉपला टेकून ठेवला होता.

चार आकडे, सगळे २.४ वर. टेबलापाशी लॅपटॉप ३४ टक्के, म्हणजे उणे ८३. टेबलापाशी फोन उणे ५७. राउटरजवळ लॅपटॉप ७८ टक्के, म्हणजे उणे ६१. राउटरजवळ फोन उणे ३३.

आज्ञेच्या उत्तरात 'ट्रान्समिट रेट', म्हणजे पाठवण्याचा वेग, १३ मेगाबिट प्रति सेकंद दिसतो. वीजबचतीची परवानगी काढली, फरक नाही, कागदावर लिहून ठेवलंय. अहवालात गेल्या तीन दिवसांत ४१ वेळा सुटल्याची नोंद आहे.

पाऊलखुणा

उत्तर सापडलं असं म्हणायला आता माझी हरकत नाही. दोन्ही जागी लॅपटॉप फोनपेक्षा २६ ते २८ डीबीने मागे आहे. १० डीबी म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. २६ म्हणजे जवळपास चारशेपट कमी ताकद. दोन उपकरणांत ५-१० डीबीचा फरक असतो, तो सोडून द्यावा. २६ चा फरक, तोही दूर आणि जवळ सारखाच, म्हणजे अँटेनाच जागेवर नाही. भिंत, शेजारी, चॅनेल यांतलं काही असतं तर राउटरजवळ गेल्यावर फरक मिटला असता. ड्रायव्हरने सिग्नल असा एकसारखा पडत नाही.

लॅपटॉपचा अँटेना बहुतेक वेळा पडद्याच्या कडेत असतो. तिथून दोन बारीक तारा बिजागरीतून खाली येतात आणि वायफाय कार्डावर बसतात. साधारण एक काळी असते, एक पांढरी किंवा राखाडी. टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल टोपी असते आणि कार्डावर तेवढ्याच मापाचा सोनेरी खोबणा. टोपी नुसती दाबून बसते. ना स्क्रू, ना खटका. बॅटरी काढताना या तारा वाटेत येतात, हात लागला की टोपी उचकटते. पूर्ण निघाली तरी कार्ड तक्रार करत नाही. विंडोजला कार्ड दिसतं, ड्रायव्हर 'व्यवस्थित' म्हणतो, जवळचं नेटवर्कही सापडतं, म्हणून माणूस आठवडेच्या आठवडे सेटिंगमध्ये शोधत राहतो.

ज्यांनी बॅटरी बदलली त्यांच्याकडे परत न्या, ही दहा मिनिटांची गोष्ट आहे. स्वतः करायचं असेल तर घाई नको. शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा, म्हणजे यंत्र पुरतं बंद होईल. नुसत्या शट डाउनने 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर ते अर्धं झोपलेलंच राहतं. चार्जर काढा. मागचं झाकण उघडलं की सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी मदरबोर्डवरून सोडवा, त्याआधी कुठेही हात लावू नका. एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज उतरवा.

कार्ड साधारण दोन बोटं रुंद असतं, त्यावर चिकटपट्टी असू शकते. टोपी खोबणीच्या बरोब्बर वर आणा, तिरकी नाही, आणि बोटाच्या टोकाने सरळ खाली दाबा. बसली की बारीक 'टक' जाणवतं. बसत नसेल तर जोर लावू नका, उचलून पुन्हा जुळवा. तिरकी असताना दाबली तर कड दुमडते आणि मग तारच बदलावी लागते. तार धरून ओढायची नाही. कोणती तार कुठे, याच्या बारीक खुणा कार्डावर किंवा तारेवर असतात, फोटो काढून ठेवा. काही लॅपटॉपांत कार्ड मदरबोर्डवरच डकवलेलं असतं, पण टोप्या तशाच असतात.

जुना खिळा

पाऊलखुणांचा हॉटस्पॉटबद्दलचा प्रश्न मी विचारायला हवा होता. दोन निरीक्षणं भांडतायत एवढ्यावर मी थांबलो. आकड्यांनी केलेली ही उकल मी जपून ठेवतोय.

सांजवात, झाकण उघडाल तेव्हा नवी बॅटरी सपाट आहे ना तेही बघून घ्या. जुनी फुगलेली घरात असेल तर ती टोचू नका, दाबू नका, केरात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

सांजवात

उघडला! भावाला शेजारी बसवलं, त्याने विजेरी धरली.

कार्डावर काळी चिकटपट्टी होती. ती उचलली आणि काळी तार चक्क मोकळी पडलेली दिसली, टोपी कार्डाच्या कडेला, उताणी. पांढरी जागेवर आहे असं वाटलं, पण विजेरी आडवी धरल्यावर दिसलं की तीही एका बाजूने उचललेली आहे, नखाच्या जाडीइतकी. म्हणजे दोन्ही नावापुरत्याच. पांढरी पहिल्या दाबात बसली. काळीला चार वेळा उचलून जुळवावं लागलं. हात थरथरत होता, म्हणून मधे दोन मिनिटं थांबले. पाचव्यांदा ते 'टक' आलं. भावालाही ऐकू आलं. बॅटरी सपाट आहे.

आता टेबलापाशी २.४ वर ८४ टक्के, म्हणजे उणे ५८. फोनच्या आकड्याला जवळपास टेकलं. ५ चं नाव यादीत परत आलं! त्यावर जोडलं तर ७२ टक्के आणि ट्रान्समिट रेट ३९०. जिथे काल १३ होता.

जिथून बॅटरी बदलली त्यांना फोन करून सांगितलं, रागाने नाही, पुढच्या माणसाचं असं होऊ नये म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं.

मी जे जे बदललं होतं त्याचं काय करू? वीजबचतीची परवानगी परत देऊ का?

जुना खिळा

द्या. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरचा ताजा ठेवा. कागदावरची प्रत्येक गोष्ट एकेक करून मूळ जागी न्या आणि प्रत्येकीनंतर दिवसभर वापरून बघा.

ओंजळ

माझं चॅनेल १०० होतं. ४४ केलं. पाच दिवस झाले, नाव एकदाही गेलं नाही. निळाई, आभार!

आता घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपबद्दल. त्याचं वायफाय पडद्याच्या कोनावर अवलंबून आहे. पडदा पूर्ण मागे रेलला की सिग्नल पडतो, काटकोनात आणला की परत येतो. हेही ताराच का?

पाऊलखुणा

ताराच, पण टोपी नाही, बिजागरीतला भाग. उघडझाप होऊन तिथे तार चेपते किंवा आतून तुटते, आणि वाकवल्यावर टोकं कधी टेकतात, कधी सुटतात. दाबून बसवून हे सुटणार नाही, अँटेनाची तार बदलावी लागते. त्यासाठी पडद्याची चौकट उघडावी लागते, ती जाणत्या हातांकडूनच करून घ्या, पडद्याची काच तिथे फार नाजूक असते. तोवर यूएसबीचा वायफाय अडॅप्टर लावा. तो थेट लॅपटॉपला खोचू नका, हातभर लांबीच्या जोडतारेने बाजूला ठेवा. शेजारच्या यूएसबी ३ बद्दल निळाईने वर लिहिलंय ते इथेही लागू आहे.

सांजवात

आठ दिवस झाले, म्हणून कळवायला आले. काल रात्री अहवाल पुन्हा काढला. तीन दिवसांत सहा वेळा सुटल्याची नोंद आहे आणि सहाही वेळा मीच लॅपटॉप बंद केला होता. वीजबचतीची परवानगी परत दिली, ड्रायव्हर ताजा आहे, कागदावर आता काही उरलं नाही.

आणि ती मुलगी. काल तिने पुन्हा हात वर केला, आणि या वेळी तिचं उत्तर पूर्ण ऐकू आलं. बरोबर होतं.